पांढरी पूड आहे, पण कसली?

“सर, डब्यावरची चिठ्ठी निघालीय. सोडा असावा. चिमूटभर चाखून बघू का?” हा प्रश्न मला वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा दिवाळीच्या साफसफाईत आणि दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये, घरोघरी पापडांचं पीठ भिजायला लागलं की. शाळेच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या माणसाला असले प्रश्न यायचेच. उत्तर दोन्ही वेळी एकच असतं: चाखू नका.

मग करायचं काय? दहावी-बारावीत केलेल्या पाच-सहा चाचण्या तुम्हाला अजून आठवत असतील. त्या स्वयंपाकघरातल्या सामानावर होतात आणि बऱ्याच दूर नेतात. पण एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. या चाचण्या तुम्हाला पदार्थाचं नाव सांगत नाहीत, नावं खोडत जातात. आणि त्यातली एकही चाचणी पूड खाण्यालायक आहे की नाही हे सांगत नाही. डब्यात सोडाच निघाला, तरी तो चिठ्ठी नसलेला सोडा आहे. सिंक घासायला वापरा, ढोकळ्यात घालू नका.

काय तपासायचंच नाही

इथे हौस महागात पडते, म्हणून हा भाग आधी.

- धान्यात ठेवायच्या करड्या गोळ्या किंवा त्यांचा चुरा. यात अॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा त्यातून फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो. पाणी घालून बघणं तर लांबच.
- काळी-करडी पूड. उंदराचं औषध असू शकतं. त्यातल्या झिंक फॉस्फाइडवर आम्ल पडलं की तोच वायू निघतो.
- क्लोरीनचा उग्र वास येणारी पूड. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर. हिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पिळलं तर क्लोरीन वायू निघतो.
- पांढऱ्या पापुद्र्यासारखे तुकडे, हवेत ओलसर होणारे. तुंबलेल्या मोरीत टाकायचा कॉस्टिक सोडा असा दिसतो. बोटाला लागला तरी कातडी भाजते.
- औषधाच्या गोळ्यांची पूड. शाळेतल्या रसायनशास्त्राला ती ओळखता येत नाही.

असं काही सापडलं तर झाकण लावा, डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि हात धुवा. कुणाच्या पोटात गेलं असेल तर चाचण्या करत बसू नका. १०८ ला फोन करा, डबा सोबत दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटी करवू नका.

सामान काय लागेल

हळद, पांढरं व्हिनेगर, जखमेवर लावायचं आयोडिनचं तपकिरी औषध, पांढऱ्या बशा, स्टीलचा एक जुना चमचा आणि सांडशी. चमचा आणि बशा पुन्हा जेवणात वापरायच्या नाहीत. प्यायचं पाणी फिल्टरचं असेल तर उत्तम.

हळदीचा कागद घरी करता येतो. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. पातळ सॅनिटायझर चालतो. दोन चमचे सॅनिटायझरमध्ये पाव चमचा हळद ढवळा, गाळ खाली बसू द्या, वरच्या पिवळ्या पाण्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. हे गॅसपासून लांब करा, स्पिरिट पेट घेतं. पट्ट्या बंद डब्यात महिनोन्महिने टिकतात.

याशिवाय ओळखीचा नमुना लागतो. सोडा असावा असा संशय असेल तर दुकानातून आणलेला पाकिटातला सोडा शेजारच्या बशीत घ्या आणि प्रत्येक चाचणी दोन्हींवर करा. “लालसर” म्हणजे किती लाल, हे शब्दांत कुणालाच सांगता येत नाही. शेजारी दुसरी बशी असली की डोळ्यांना लगेच कळतं.

क्रम कसा ठेवायचा

प्रत्येक चाचणीला चण्याएवढी पूड पुरते. डबाभर ओतायची गरज नाही.

१. बघा. खडे आहेत की पीठ? साखर आणि मिठाचे कण चमकतात, मैदा, आरारूट, शंखजिरे चमकत नाहीत. वास घ्यायचा तर नाक डब्यात खुपसू नका. हाताने हवा आपल्याकडे वळवा.

२. पाणी घाला. दोन चमचे पाण्यात पूड ढवळा. पूर्ण विरघळली, तळाशी बसली की घट्ट झाली? प्लास्टर ऑफ पॅरिस थोड्या पाण्यात कालवलं तर अर्ध्या तासाच्या आत दगड होतं आणि होताना बशी कोमट लागते. हे डबाभर पुडीचं करून मग मोरीत ओतू नका, नळ कायमचा बंद होईल.

३. हळदीची पट्टी बुडवा. लाल झाली तर द्रावण आम्लारी आहे.

४. व्हिनेगर टाका. कोरड्या पुडीवर चार थेंब. फसफसलं तर कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट.

५. आयोडिन टाका. चहासारखं फिकं करून एक थेंब. निळं-काळं झालं तर स्टार्च.

६. तापवा. ही शेवटची चाचणी. खिडकी उघडी, चमचा सांडशीत, चेहरा लांब.

पाण्याची चाचणी दिसते तेवढी साधी नाही. वीस अंशांच्या शंभर मिलिलिटर पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं, साखर दोनशे ग्रॅम आणि खाण्याचा सोडा जेमतेम साडेनऊ ग्रॅम. म्हणजे वाटीभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे सोडा टाकून “हा विरघळत नाही” असा निष्कर्ष काढणारा चुकतो. पुष्कळ पाणी, थोडी पूड आणि दोन मिनिटं धीर, एवढं पाळा.

हळद काय बोलते आणि काय बोलत नाही

हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. हळकुंडाला चुना आणि टाकणखार लावून कुंकू करायचे, त्यातही हीच गंमत. पण वाचक इथे दोन ठिकाणी घसरतात.

पहिली चूक: पट्टी पिवळीच राहिली म्हणून पूड आम्ल आहे असं लिहून मोकळं होणं. हळद आम्लात पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच राहते. आम्ल आहे का हे बघायचं तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून ते पाणी घ्या. आम्लात ते गडद गुलाबी होतं, आम्लारीत हिरवट. नाहीतर आपल्या द्रावणात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फसफसलं तर आम्ल आहे. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, इथे लगेच उघडं पडतं.

दुसरी चूक बशीची. भांड्याला साबणाचा अंश राहिला असेल तर मिठाच्या पाण्यातही पट्टी लाल होते. म्हणून आधी नुसत्या पाण्यात पट्टी बुडवून बघा. प्रयोगशाळेत आम्ही याला कोरी चाचणी म्हणतो. विद्यार्थी सगळ्यात जास्त कंटाळा हिचाच करतात.

तुरटी की टाकणखार: माझीच फजिती

शेजारच्या वहिनींनी एकदा खडे भरलेली बरणी आणली. सासूबाईंची, बहुधा तुरटी, असं त्या म्हणाल्या. मी ऐटीत एक खडा चमच्यात तापवला. तो वितळला, बुडबुडे आले आणि बघता बघता फुगून पांढरी सच्छिद्र लाही झाली. तुरटीची लाही सगळ्यांना माहीत असते. “तुरटीच आहे,” मी सांगून टाकलं, आणि वहिनी बरणी घेऊन निघाल्यासुद्धा.

टाकणखाराचीही अशीच लाही होते, हे मला त्या जिना उतरल्यावर आठवलं. दोन्हींच्या स्फटिकांत पाणी अडकलेलं असतं आणि तापवलं की ते बाहेर पडताना खडा फुगतो. हाक मारून परत बोलावलं. खडा गरम पाण्यात विरघळवून हळदीची पट्टी बुडवली, तर ती तांबडीलाल. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, त्यात पट्टी पिवळीच राहिली असती. बरणीत टाकणखार होता. सोनार डाग देताना वापरतात तोच, आणि जुन्या घरांत बाळाचं तोंड आल्यावर लावायची चाल होती तोही हाच. बोरॉनची ही संयुगं लहान मुलांना विषारी असतात, आणि खाद्यपदार्थांत टाकणखार वापरायला आपल्याकडे परवानगी नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच. एका चाचणीवर नाव ठेवायचं नाही. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन चाचण्या जुळल्या तरच नाव घ्यायचं. तुरटीसाठी दुसरी चाचणी हवी तर द्रावणात खाण्याचा सोडा घाला. फसफसून पांढरा, चिकट, जेलीसारखा साका येतो. टाकणखारात सोडा घातला तर काहीच होत नाही.

पट्टी लाल झाली, आता पुढे

- फसफसतं आणि पूर्ण विरघळतं: खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा किंवा पापडखार.
- फसफसत नाही आणि गरम पाण्यात पूर्ण विरघळतं: टाकणखार असण्याची शक्यता.
- बरंचसं तळाशी बसतं, वर निवळ पाणी राहतं: चुना. ही चुन्याची निवळी गाळून घ्या आणि त्यात स्ट्रॉने हळूच फुंका. फुंकायचं, ओढायचं नाही, म्हणून हे काम मुलांना देऊ नका. पाणी दुधाळ झालं की चुना पक्का. फुंकतच राहिलात तर ते पुन्हा निवळतं. तिथे घाबरून निष्कर्ष बदलू नका.

जुना चुना व्हिनेगरमध्ये थोडा फसफसतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा वरचा थर कार्बोनेट झालेला असतो. त्याने गोंधळू नका.

खाण्याचा आणि धुण्याचा सोडा वेगळा करणं मात्र खरंच अवघड आहे. दोन्ही विरघळतात, दोन्ही फसफसतात. थंड पाण्यात ताज्या विरघळवलेल्या खाण्याच्या सोड्यात पट्टी नारिंगीकडे झुकते, धुण्याच्या सोड्यात गडद लाल होते. फरक कळायला शेजारी ओळखीचा नमुना हवाच. शाळेतली पक्की चाचणी मॅग्नेशियम सल्फेटची. औषधाच्या दुकानात ते एप्सम सॉल्ट म्हणून मिळतं. त्याचं द्रावण धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात घातलं की थंडच पांढरा साका येतो. खाण्याच्या सोड्यात तो उकळल्यावर येतो.

पापडखाराची नक्की ओळख घरी होत नाही. बाजारात त्या नावाने मिळणाऱ्या पुड्यांत सोड्याचे क्षार कमी-जास्त प्रमाणात असतात. जुना निघाला तर टाकून द्या. वर्षभराचे पापड त्यावर पणाला लावण्यात अर्थ नाही.

पट्टी पिवळीच राहिली तर

मीठ आणि साखर तापवल्यावर वेगळी होतात. साखर वितळते, तपकिरी होते, तिचा ओळखीचा वास येतो आणि शेवटी कोळसा उरतो. खडेमीठ तडतडतं, पण गॅसवर वितळत नाही, कारण त्याला आठशे अंशांच्या वर उष्णता लागते. मिठाचे कण ज्योतीत पडले की ती पिवळीधमक होते. इथेही सावध राहा. पिवळी ज्योत सोडियमची असते, मिठाची नव्हे. सोडाही तीच ज्योत देतो.

नवसागर म्हटलं की कल्हईवाला आठवतो. तापल्या भांड्यावर त्याने चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा. चमच्यात घरी असा धूर करू नका, तो घशाला लागतो. त्याऐवजी चिमूटभर पूड ओल्या चुन्यात मिसळा. मुतारीसारखा अमोनियाचा वास आला तर अमोनियमचा क्षार आहे. वास लांबूनच घ्यायचा.

आयोडिनने निळं-काळं झालं, तर मैदा, कॉर्नफ्लोअर, आरारूट, तांदळाची पिठी यांपैकी काहीतरी आहे. थेंब कागदावर टाकू नका. बऱ्याच कागदांना खळ असते आणि कागदच निळा होतो. द्रावण गरम असेल तर निळा रंग दिसत नाही, गार झाल्यावर उमटतो. मैदा ओळखायचा तर गोळा मळून नळाखाली धुवा. मैद्यात रबरासारखा चिवट लगदा हातात उरतो, कॉर्नफ्लोअर सगळं वाहून जातं. साध्या गरम पाण्यातच फसफसणारी आणि आयोडिनने निळी होणारी पूड म्हणजे बेकिंग पावडर. तिच्यात सोडा, कोरडं आम्ल आणि कॉर्नफ्लोअर तिन्ही असतात.

कशालाच दाद न देणारी, बोटांना गुळगुळीत लागणारी पूड बहुधा शंखजिरे, म्हणजे टाल्क. पण कॅरमची बोरिक पावडरही गुळगुळीतच असते आणि झुरळांसाठी पिठात कालवून ठेवतात ती तीच. टाल्क पाण्यात विरघळत नाही, बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळते.

बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी थोडंसं

क्षार ओळखताना गुण निरीक्षणात जातात. “गॅस निघाला” असं लिहू नका. “रंगहीन, गंधहीन वायू, चुन्याची निवळी दुधाळ” असं लिहा. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेट वापरताना नळाचं पाणी घेतलंत तर पाण्यातलंच क्लोराइड पांढरा साका देईल, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी घ्या. साका अमोनियात विरघळतो का तेही पाहा. अमोनियमची चाचणी आधीच, मूळ क्षारावर उरकून घ्या. पुढे तुम्हीच अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम हायड्रॉक्साइड घालता, मग तो अमोनिया कुणाचा हे सांगता येत नाही. आणि आधी नाव ठरवून मग निरीक्षणं जुळवण्याची युक्ती परीक्षकांना चांगली माहीत असते.

विकतच्या वस्तूचा संशय असेल तर तुमचे हक्क

घरच्या चाचणीचा निकाल कुठल्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही. पण अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० ने ग्राहकाला स्वतः नमुना तपासून घेण्याचा हक्क दिला आहे.

- शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते आणि अहवाल तुम्हाला मिळतो.
- अट एक आहे: नमुना तपासायला देणार आहोत हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. इथेच बहुतेकांचा हक्क हुकतो.
- माल नियमात बसत नाही असं अहवालात निघालं तर भरलेलं शुल्क परत मिळतं.
- नमुना द्यायचा नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. ग्राहक म्हणून सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बिल, पाकीट आणि त्यावरचा बॅच क्रमांक जपून ठेवा. सुट्टा माल घेतलात तर बिलावर वस्तूचं नाव लिहून मागा. घातपाताचा संशय असेल तर डब्याला हात न लावता पोलिसांना कळवा. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा तपास यंत्रणांकडून आलेले नमुने तपासतात, आपण परस्पर नेलेले नाहीत.

तपासून झाल्यावर

चण्याएवढे नमुने भरपूर पाण्यात वाहून जाऊ द्या. ओळख न पटलेली पूड मात्र मोरीत ओतू नका. दुहेरी पिशवीत बांधा, वर “अनोळखी रसायन” असं लिहा आणि घरातल्या घातक कचऱ्याबरोबर वेगळी द्या.

आता उरलेल्या डब्यांना आजच चिठ्ठ्या लावा. नाव आणि भरल्याची तारीख लिहा. चिठ्ठी झाकणावर नको, डब्याच्या अंगावर लावा. घासताना झाकणं बदलतात.